दोन सूर खाली

क्लिफर्डने जुन्या टेप-मशीनच्या चकतीवरची फीत बोटांत धरून ओढली, दोन खुंट्यांमधून अलगद घातली आणि पलीकडच्या रिकाम्या चकतीला तिचे दोन वेढे दिले. मघाशी त्याने चहा बशीत सांडला होता, ते लॉर्नाने पाहिलं होतं. फितीचा एक वळसाही मात्र चुकला नाही.

लॉर्ना अंगातला कोट न काढताच खुर्चीत बसली होती. फ्लीटवुडहून स्टॉकपोर्टला येण्यात तिची सकाळ गेली होती. आधी ट्राम, मग एकामागोमाग दोन आगगाड्या. सत्तरीत हा प्रवास गुडघ्यांना चांगलाच जाणवला होता.

"फोनवर सांगता आलं असतं की तुला," ती म्हणाली. तिचा तो आवाज, विहिरीच्या तळातून यावा तसा, बंद खोलीत आणखीच खाली उतरल्यासारखा वाटला.

"सांगता आलं नसतं," क्लिफर्ड म्हणाला. "हे ऐकायचं आहे."

लॉर्नाच्या बंदराच्या गाण्याला यंदा पन्नास वर्षं होत होती. लंडनची एक कंपनी ती रेकॉर्ड नव्याने काढणार होती. मूळ फीत स्टुडिओ बंद पडला तेव्हापासून क्लिफर्डच्या घरी होती. कंपनीचं पत्र लॉर्नाच्या पर्समध्ये होतं, फक्त सही बाकी होती. क्लिफर्डने फोन करून एवढंच म्हटलं होतं, की फीत त्यांच्याकडे पाठवण्याआधी तू एकदा ये.

त्याने कळ दाबली.

आधी पियानो आला, मग व्हायोलिनं. लॉर्नाने मान वर केली. काहीतरी घाईत होतं. मग एक मुलगी गायला लागली. स्वच्छ, मोकळा आवाज. गल्लीच्या टोकाला उभं राहून घरच्यांना हाक मारावी तसा.

"तुझं मशीन पळतंय," लॉर्ना म्हणाली.

क्लिफर्ड फिरत्या चकत्यांकडे बघत राहिला.

"अरे, पळतंय ते. ऐकू येतंय ना तुला? कमी कर जरा."

"मशीन बरोबर आहे, लॉर्ना. काल दोनदा तपासलं. हे असंच आहे." त्याने चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला. "तू गायलीस ते हे."

फीत फिरत राहिली. मुलगी दुसऱ्या कडव्यात शिरली.

सगळं तिला आठवत होतं. मँचेस्टरमध्ये एका डेअरीच्या वरचा तो ऑर्मरॉडसाहेबांचा स्टुडिओ, खाली दुधाच्या बाटल्यांचा किणकिणाट, त्यासाठी सारखं थांबावं लागायचं. ती वीस वर्षांची. मासळीच्या गोदामातली सकाळची पाळी संपवून ती आली होती, केसांना वास येऊ नये म्हणून ते दोनदा धुतले होते. आणि तिला सर्दी झाली होती. ही सर्दी पुढे प्रसिद्ध झाली. मुलाखतींतून तिने शंभरदा सांगितलं, की त्या दिवशी घसा बसला होता आणि त्या बसलेल्या घशातून हा आवाज निघाला. देवाची कृपा म्हणायची. लोक हसायचे आणि टाळ्या वाजवायचे.

"तू गेल्यावर ऑर्मरॉडसाहेब डोकं धरून बसले," क्लिफर्ड सांगू लागला. "म्हणाले, पोरगी गाते चांगली, पण अशा शंभर आहेत. मी सव्वीस वर्षांचा होतो. नवीन मशीन आलं होतं, वेग कमी-जास्त करायचं बटण होतं त्याला. मी नुसतं गंमत म्हणून फिरवलं. दोन सूर खाली. ऑर्मरॉड खुर्चीतून उठलेच. म्हणाले, इथेच थांब, हात लावू नकोस."

"आणि मला?"

"तुला सांगायचं नाही म्हणाले. पोर बुजेल म्हणाले."

लॉर्नाने कोटाचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं.

"वाद्यं वाजवणाऱ्यांना कळलं असेल."

"पियानोवाल्याला कळलं होतं. दुसऱ्या आठवड्यात तो कॅनडाला गेला. बाकीचे रोजंदारीवरचे, कोण विचारतंय." त्याने चष्म्याची काडी मिटली. "लंडनला कंपनीतला कुणी नवा पोरगा फीत लावील आणि पाच मिनिटांत त्याला कळेल. त्याच्याकडून तुला कळावं असं मला नको होतं. मला डॉक्टरांनी फार दिवस दिलेले नाहीत, हेही आहेच."

तिने ते अर्धवटच ऐकलं. ती दुसरीकडेच होती.

ती फ्लीटवुडच्या स्वयंपाकघरात होती. रेडिओवर गाणं पहिल्यांदा लागलं ती संध्याकाळ. शेजारच्या चार बायका, गोदामातल्या दोघी, दारात उभे राहिलेले दोन बाप्ये. आईने हात पुसून रेडिओचा आवाज वाढवला होता. गाणं संपलं, सगळ्यांनी लॉर्नाला मिठ्या मारल्या. आई टेबलाशी उभीच होती. म्हणाली, "छान आहे गं. पण ही कोण?"

सगळे खो खो हसले. लॉर्ना हसली नाही.

"मीच आहे, आई."

"नाही पोरी. तुझा आवाज मला माहीत आहे. तू पाळण्यात रडायचीस तेव्हापासून माहीत आहे."

त्यावरून त्या रात्री भांडण झालं. माझं चांगलं झालेलं तुला बघवत नाही, असं लॉर्ना म्हणाली होती. शब्द परत घेता येत नाहीत, तिने घ्यायचा प्रयत्नही केला नाही. आई पुढे एकाही कार्यक्रमाला आली नाही. ब्लॅकपूल ट्रामने तासाभराच्या आत, तिथेही नाही. पत्रात लिहायची, घरी येशील तेव्हा भांडी घासताना गा, तेव्हा ऐकेन. लॉर्ना घरी यायची तेव्हा दमलेली असायची, घसा राखायचा म्हणून हळू बोलायची. एकोणऐंशी साली आई गेली.

आणि लॉर्ना त्या सर्दीच्या मागे धावत राहिली. पहिल्याच कार्यक्रमात तो आवाज लागला नव्हता. ऑर्मरॉडसाहेबांनी विंगेतच सिगरेटचं पाकीट हातात ठेवलं होतं. ओढ, उतरेल खाली. दिवसाला वीस. सकाळी उठल्याबरोबर उशीत तोंड खुपसून खालचे सूर घोटायचे. दोन वर्षांत आवाज उतरला. टीव्हीवर आली, जर्मनीत गेली, समुद्रकाठच्या धक्क्यांवरची नाट्यगृहं उन्हाळाभर भरायची. मग चौऱ्याऐंशी साली घशाचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे पाटीवर लिहून बोलायचं. डॉक्टर म्हणाले होते, बाई, तुम्ही इतक्या खाली कशासाठी गाता? निसर्गाने तुम्हाला तिथे ठेवलेलं नाही. तिने पाटीवर लिहिलं होतं, लोकांना तेच हवं आहे.

फीत संपली. रिकामं टोक चकतीवर फटफट आपटत राहिलं. क्लिफर्डने मशीन बंद केलं.

"शिव्या दे मला," तो म्हणाला.

"देते. थांब जरा."

ती उठली आणि मागच्या दाराने बाहेर गेली.

क्लिफर्डची बायको बेरिल परसात वालाच्या वेलांना काठ्या बांधत होती. बुटकी, लालसर गालांची बाई. मघा दार उघडताना तिने लॉर्नाला एवढंच विचारलं होतं, दूध किती घालू. गाण्याचा विषयही काढला नव्हता.

"हे टोक धरता का जरा?" बेरिल म्हणाली. लॉर्नाने सुतळीचं टोक धरलं.

"झालं का तुमचं काम?"

"झालं म्हणायचं."

"गेला आठवडाभर झोपला नाही बघा तो. मी म्हटलं, अरे, ती काय तुला खाणार आहे का?" बेरिलने गाठ मारली. "काय काढलंय एवढं, मला सांगत नाही. मीही विचारत नाही. ओढा जरा घट्ट."

लॉर्नाने ओढलं. काही वेळ दोघी पुढे सरकत राहिल्या, काठीमागून काठी.

"तुम्हाला राग नाही ना येणार, एक सांगितलं तर?" बेरिल म्हणाली.

"आता काय येणार."

"ते तुमचं बंदराचं गाणं. मला कधीच नाही आवडलं ते."

लॉर्नाने तिच्याकडे पाहिलं. बेरिल सुतळीचा गुंता सोडवत होती.

"क्लिफर्डने केलेलं, म्हणून तोंड मिटून बसले इतकी वर्षं. पण मला वाटायचं, ही पोर मोठ्या बाईचे बूट घालून चालतेय. दुःख आहे, पण तिचं नाही, कुणाचं तरी उसनं आणलेलं. आता मला गाण्यातलं काय कळतं म्हणा. मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात होते. तेवीस वर्षं इस्त्री केली."

"मग?"

"मग काय! चौघी होतो आम्ही, एक कॅसेटचा डबा होता. तुमचं ते जुनं लागलं की गप्पा चालूच असायच्या. पण पुढे तुम्ही ती हिवाळ्याची गाणी काढलीत ना? तुमच्या गावच्या चर्चमध्ये गायलात, नुसत्या पेटीवर?"

"ब्याण्णव साली."

"असेल. ती लावली की कुणी बोलत नसे. वाफेचा आवाज नको म्हणून आमची ग्लेनिस इस्त्री उचलून धरायची. एकदा मुख्य बाई ओरडायला आली, काम का थांबलंय म्हणून. दारातच उभी राहिली. गाणं संपेपर्यंत ओरडलीच नाही." बेरिलने कात्रीने सुतळी कापली. "ते मात्र तुमचं होतं. कुणीही सांगेल. घसा सोलून निघालेला ऐकू येतो त्यात. झालं, सोडा आता."

लॉर्नाने सुतळी सोडली. बोटावर लाल वळ उमटला होता. ती बोट चोळत उभी राहिली.

हिवाळ्याच्या गाण्यांच्या वेळी ती एक्केचाळीस वर्षांची होती. ऑर्मरॉडसाहेब वारले होते, टीव्हीवाले विसरले होते, सिगरेट सुटली होती. सुटल्यावर आवाज पुन्हा वर जाईल अशी तिला भीती होती. तो गेला नाही. चर्चमध्ये आईची खुर्ची असायची त्या बाजूला तोंड करून ती गायली होती, का कोण जाणे. रेकॉर्ड फारशी खपली नव्हती. स्टॉकपोर्टच्या धुलाईखान्यात कुणी इस्त्री उचलून धरली असेल, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"रडताय का?" बेरिलने विचारलं.

"सुतळी लागली."

"कोरफड आहे आत," बेरिल म्हणाली आणि पुढच्या वेलाकडे वळली.

लॉर्ना आत आली. क्लिफर्ड तसाच बसला होता, चष्मा गुडघ्यावर. तिने कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला. पर्समधून कंपनीचं पत्र काढलं, त्याच्या टेबलावरचं पेन घेतलं आणि सही केली. सहीच्या खाली तिने मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहिली.

क्लिफर्डने चष्मा लावून ती वाचली. "'रेकॉर्ड तेव्हा जशी निघाली तशीच काढावी.'" त्याने वर पाहिलं. "का गं? तू खरं सांगू शकतेस आता. लोकांना आवडेल ते."

"लोकांची लग्नं लागली आहेत त्या गाण्यावर, क्लिफर्ड. माणसं पुरली आहेत. आता त्यांना काय सांगू, तुम्ही चुकीच्या वेगावर रडलात म्हणून?" ती बसली. "आणि दोन सूर खाली तू एकदाच नेलंस. पुढची पन्नास वर्षं मी स्वतःच्या पायांनी उतरले. ते कष्ट तुझ्या नावावर नाही घालायचे मला."

"आणि तुझी आई?"

लग्नात, वाढदिवसांना, अशा कुठल्यातरी गर्दीत तिने त्याला ती गोष्ट कधी सांगितली होती, तिला आठवेना. पण त्याने ती इतकी वर्षं जपून ठेवली होती, हे दिसत होतं.

"तिचं बरोबर होतं," लॉर्ना म्हणाली. तिने मान हलवली. क्लिफर्डनेही हलवली. शिव्या द्यायच्या राहून गेल्या.

मग तिने बोटाने मशीनकडे दाखवलं.

"लाव पुन्हा. सुरुवातीपासून."

"नक्की?"

"मघाशी मी ऐकलंच नाही. नुसती भांडत होते."

त्याने फीत मागे नेली, वेढे दिले, कळ दाबली. पियानो आला, व्हायोलिनं आली. या वेळी ती तिला घाईत वाटली नाहीत. मुलगी गायला लागली. लॉर्ना डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून ऐकत होती, नव्या पोरांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून जायची तेव्हा ऐकायची तशी. पाऊल जमिनीवर हलका ठेका धरत होतं. पहिलं कडवं संपताना मुलीने एका लांब ओळीच्या मध्येच श्वास घेतला आणि लॉर्नाची भुवई किंचित वर गेली. वरच्या स्वरावर मुलगी न अडखळता गेली, तिथे थांबली, पुरती थांबली. लॉर्नाचे ओठ हलले.

"काय म्हणालीस?" क्लिफर्डने विचारलं.

"बरी गाते पोर," लॉर्ना डोळे न उघडता म्हणाली. "जरा घाई करते, एवढंच."