ठिपक्याला धक्का

वरुणराव तंजावुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात भूमिती शिकवायचे, आणि त्यांच्या सहा वर्षांच्या नित्याला साधा त्रिकोण जोडता येत नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शाळेच्या कागदावर ठिपके दिलेले असत. त्यांवरून रेघ ओढली की त्रिकोण व्हायचा, अक्षर व्हायचं. नित्याची रेघ मात्र प्रत्येक ठिपक्याला वळसा घालून जाई. त्रिकोणाची जिलबी होई आणि अक्षरांचं तर विचारूच नका.

शेवटी पहिलीच्या कविता मिस म्हणाल्या, "हात स्थिर नाही, सर. सोमवारी पुन्हा बघते. नाहीतर यंदा बालवर्गातच बसू दे."

मैत्रिणी पुढे जाणार आणि नित्या मागे एकटी राहणार, हे वरुणरावांना सोसवेना. मग काय, घरात पट्टी आली, कोनमापक आलं. "सरळ रेघ म्हणजे दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर," असं त्यांनी पोरीला गंभीरपणे समजावलं. पोरीने मान डोलावली आणि ठिपक्याला वळसा घातला. गाढवापुढे वाचली गीता. फक्त गाढव कोण, हे अजून ठरायचं होतं.

रविवारी काळजीने त्यांना लवकर जाग आली. दारात त्यांची बहीण विनुता तांदळाच्या पिठाचं कोलम, ठिपक्यांची रांगोळी, काढत होती, आणि शेजारी उकिडवी बसून नित्याही. तिच्या चिमटीतून पीठ असं एकसारखं झरत होतं की बघत राहावं. हे कोलम वरुणराव रोज ओलांडून कॉलेजला जात. काढताना कधी पाहिलं नव्हतं.

पण मास्तराला गप्प बसवतं का? त्यांनी चिमूटभर पीठ घेतलं आणि दोन ठिपके सरळ जोडून टाकले.

"अय्यो अप्पा! पुळ्ळीवरून रेघ नेतात का?" नित्या रडायलाच आली. "पुळ्ळी आत बसायची, रेघेने भोवती फिरायचं. धक्का लागला की पुसायचं. आत्याने सांगितलंय!"

विनुताने ओल्या फडक्याने रेघ पुसली. "एवढं शिकून अण्णाला कोलम येईना!"

वरुणराव पायरीवर बसले. त्यांना हसू आलं आणि लाजही वाटली. एवढे दिवस शिकवलं, पण वळसा का घालतेस, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"कण्णा, शाळेतली पुळ्ळी वेगळी गं. तिच्यावरून गेलं तर चालतं."

"तिला राग नाही येत?"

याचं उत्तर भूमितीत नव्हतं. "नाही येत," ते म्हणाले. नित्याला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

सोमवारी ते वर्गाच्या दाराशी उभे राहिले. नित्याने पेन्सिल उचलली आणि थांबली. मिस वाट पाहत होत्या. मग तिने पहिल्या ठिपक्याला बोट लावलं, पुस्तकाला पाय लागल्यावर करतात तसं ते डोळ्यांना लावलं, आणि ठिपक्यावरून रेघ नेली. पुढच्या ठिपक्याशी पुन्हा तेच. त्रिकोण पट्टीने आखल्यासारखा उतरला.

"हे काय करते ही?" मिसनी हळूच विचारलं.

"माफी मागते." वरुणराव म्हणाले. "अक्षरांत ठिपके खूप आहेत, मिस. वेळ लागेल."

"लागू दे, सर," मिस म्हणाल्या. "पहिलीचं अख्खं वर्ष आहे."