मानेचा पट्टा

साहेबांच्या पाठीमागची खुर्ची नानांना मिळाली त्याला आता एकतीस वर्षं झाली होती. साहेब तीन बदलले. खुर्ची आणि मान नानांचीच राहिली. साहेब बोलायला उभे राहिले की कॅमेऱ्यात त्यांच्या खांद्यामागे नाना दिसत, आणि दर वाक्याला ती मान अशी डोलायची, जणू पालुपद धरायलाच बसवलेला साथीदार! त्या मानेच्या जोरावर नाना सहा वेळा निवडून आले, एकदा उपमंत्रीही झाले. मान एवढं कमावून आणत असताना तोंडाला कशाला शिणवा?

आणि अधिवेशनाच्या ऐन तोंडावर नेमकी मानच धरली.

"पट्टा लावा," हाडांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पंधरा दिवस मान वरखाली बिलकूल नाही. आडवी मात्र हळूहळू हलवत जा, व्यायाम म्हणून."

"आडवीची सवय नाही हो," नाना कळवळून म्हणाले.

आठवड्याभरात उमेदवारांची यादी लागायची होती. पट्टा दिसला की 'नाना थकले' म्हणून नाव कापायला टपलेले काय कमी होते? नानांनी पट्ट्यावर मफलर गुंडाळला.

"अहो, एवढ्या उकाड्यात मफलर?" बायकोनं विचारलं.

"फॅशन आहे."

"तुमची? लग्नातला कोट गेल्या निवडणुकीपर्यंत घालत होतात!"

सभागृहात साहेब नदीकाठच्या वस्त्या उठवण्याचं विधेयक घेऊन उभे राहिले. मागे नाना खांबासारखे ताठ. डोलायचं काम नाही म्हटल्यावर कान मोकळे झाले, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच नानांनी साहेबांचं भाषण ऐकलं. ऐकता ऐकता त्यांना घाम फुटला, आणि तो काही मफलरचा नव्हता. हेच विधेयक पहिल्या साहेबांनी आणलं तेव्हा नानांनी मान डोलावली होती. विरोधकांनी आणलं तेव्हा ते गोरगरिबांचा गळा घोटणारं आहे, यावरही डोलावली होती. आता नाव तेवढं नवीन. आणि कलम चारमधली पहिलीच वस्ती इस्त्रीवाल्या मावशींची! पहिल्या निवडणुकीत नानांचा एकुलता एक सदरा मावशी रोज धुऊन, इस्त्री करून द्यायच्या. "पोरा, मोठा झालास की विसरू नकोस हं," म्हणायच्या. तेव्हाही नानांनी मान डोलावली होती.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मथळा: 'नाना ताठ! पक्षात बंड?' लगोलग साहेबांचं बोलावणं आलं.

"नाना, काल मान हलली नाही. दुखतेय, की पटत नाही?"

दुखतेय म्हणावं तर आजारी म्हणून नाव जाणार, पटत नाही म्हणावं तर बंडखोर म्हणून. 'छे, तसं काही नाही साहेब' हे नेहमीचं वाक्य अगदी जिभेवर आलं होतं.

"उद्या मतदान आहे," साहेब गोड आवाजात म्हणाले. "यादीतलं तुमचं नाव मी अजून खोडलेलं नाही."

नानांनी मफलर सोडला. मग पट्टा काढला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"दुखतेय," ते म्हणाले, "आणि कलम चार पटतही नाही."

"म्हणजे उद्या होकार नाही?"

नानांनी मान हलवली. आधी डावीकडे, मग उजवीकडे. गंजलेली कडी निघावी तसा कटकन आवाज झाला.

"अरेच्चा," नाना नवलानं म्हणाले, "अशी हलवली तर मुळीच दुखत नाही हो, साहेब!"