दाराला लावलेली किल्ली

“इथंच थांबव, साल्वू. पुढं मी चालत जातो.”

साल्वूनं गाडी गावाबाहेरच्या कबरस्तानाच्या भिंतीला लावली आणि आरशातून मागं पाहिलं. देशाचे राष्ट्राध्यक्ष मागच्या सीटवर बसून टाय सोडत होते.

“साहेब, जत्रेचा आठवडा आहे. गावात पाय ठेवायला जागा नाही. निदान अंगरक्षक कॅप्टनसाहेबांना तरी आणायचं होतं सोबत.”

“कॅप्टनला बघितलं की नेनू कडी लावून घेईल. तू जा, आइसक्रीम खा.”

कोटही गाडीतच टाकून विस्तिन काकिया उन्हात उतरला. सकाळीच त्याच्या भावजयीचा, चेन्साचा फोन आला होता. थोरल्या भावाची, नेनूची फुप्फुसं पार गेली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. “तो म्हणतोय, ये. पण राष्ट्राध्यक्ष म्हणून येणार असशील तर येऊ नकोस, विस्तिन म्हणून ये. किल्ली दाराला लावून ठेवतेय.” एवढं बोलून ती रडली होती आणि तिनं फोन ठेवला होता.

गावात दिवसा प्रत्येक घराच्या दाराला बाहेरून किल्ली लावलेली असते; घरात मयत झालं तरच ती आत घेतात. शेजारीपाजारी कुणीही ती फिरवावी, हाक मारावी आणि आत जावं. नेनूच्या दाराला मात्र विस्तिनसाठी वीसेक वर्षं किल्ली नव्हती. गल्लीच्या तोंडाशी तो दिसला रे दिसला की किल्ली आत ओढल्याचा आवाज यायचा.

कारण साधं होतं आणि अख्ख्या गावाला ठाऊक होतं. हे दोघे पावाच्या भट्टीवाल्याचे मुलगे. नेनू थोरला, सरकारी पाणीपंपावर मेकॅनिक. विस्तिन शाळामास्तर, मग पुढारी, मग मंत्री. दोघांचे पक्ष वेगळे. विस्तिनच्या पक्षाचं सरकार आलं आणि महिनाभरात नेनूची बदली समुद्रापलीकडे, गोझो बेटावर झाली. कशामुळे, ते सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. चेन्सा दिराच्या पायऱ्या चढली. “एक शब्द टाक रे,” म्हणाली. विस्तिन म्हणाला, “भावासाठी शब्द टाकला तर लोक काय म्हणतील?” त्याला तो मोठा प्रामाणिकपणा वाटला होता. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत नेनू रोज पहाटेच्या बोटीनं, खारा वारा छातीवर घेत गोझोला गेला.

लोक काहीच म्हणाले नाहीत. विस्तिन चढत गेला आणि शेवटी राष्ट्राध्यक्ष झाला, कारण त्याच्यावर कुणाचा फारसा राग नव्हता. एका नेनूचा सोडला तर. आणि राष्ट्राध्यक्षाचं काम तरी काय? सरकारनं पाठवलेल्या कागदांवर सह्या करायच्या, पाहुण्यांशी हात मिळवायचे, आणि बँड वाजला की उभं राहायचं. उभं राहण्यात तर विस्तिन पटाईत झाला होता. गुडघे दुखले तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही.

मागच्या गल्लीनं, बंद पडलेल्या भट्टीला वळसा घालून तो निघाला. कोपऱ्यावर म्हातारी रोझी दारात खुर्ची टाकून शेंगा सोलत होती. ऐकू येत नसल्यामुळे ती सगळ्या गावाला ऐकू जाईल असंच बोलायची.

“कोण रे तो? अगंबाई, भट्टीवाल्यांचा विस्तिन! अंगात कोट नाही तुझ्या. काढून टाकलं की काय तुला?”

“नाही गं मावशी. हळू बोल.”

“नेनूकडे चाललास? मग चांगलंच आहे की! अरे, ऐकलंत का? विस्तिन नेनूकडे चाललाय! मिटलं त्यांचं!”

विस्तिननं पाय उचलले, पण बातमी त्याच्या पुढं धावली. खिडक्या उघडल्या. कुणीतरी गॅलरीतून टाळ्या वाजवल्या. चौकात गावच्या दोन संतांपैकी थोरल्या संताचं बँडमंडळ सरबत पीत बसलं होतं. आपल्याच मंडळाचा माणूस राष्ट्राध्यक्ष झालाय आणि जत्रेच्या दिवसांत गावात पायी आलाय, हे कळल्यावर त्यांनी सरबत तसंच ठेवलं. वाद्यं उचलून ते नेनूच्या गल्लीत धावले. त्यांच्या मनात प्रेमाशिवाय काही नव्हतं, हे शपथेवर सांगावं लागेल.

नेनूचं दार समोर होतं. हिरवा रंग उडालेला. कुलपात किल्ली होती. विस्तिनचे डोळे भरून आले. दहा पावलं राहिली असतील, तेवढ्यात मागं ढोल घुमला आणि राष्ट्रगीत सुरू झालं.

विस्तिन थांबला. पाय आपोआप जुळले, हात सरळ खाली गेले. गल्लीतली माणसं उठून उभी राहिली. आमचं राष्ट्रगीत छोटं आहे, प्रार्थनेसारखं. तो मनात म्हणत होता, आटपा रे, आटपा. संपलं. टाळ्या झाल्या. विस्तिननं कसंबसं हसून हात हलवला आणि ती दहा पावलं ओलांडली. किल्लीला हात लावला. ती उन्हानं तापली होती.

तेवढ्यात गल्लीच्या दुसऱ्या तोंडाकडून पुन्हा ढोल वाजला.

गाव एक आणि बँड दोन. थोरल्या संताचं मंडळ वाजवणार आणि धाकट्या संताचं गप्प बसणार, असं आमच्याकडे कधी घडलेलं नाही. अर्धा गणवेश, अर्धे घरचे कपडे अशा अवतारात धाकटं मंडळ पोचलं होतं, आणि त्यांनी राष्ट्रगीत पुन्हा पहिल्यापासून धरलं. हे नेनूचं मंडळ होतं. उमेदीची सगळी वर्षं तो तिथं क्लॅरिनेट वाजवायचा.

पाठ फिरवून किल्ली फिरवली असती तर? नेनूच्या मंडळाचा, नेनूच्या दारात, त्याच्याच भावानं अपमान केला असता. पुन्हा एकदा. विस्तिननं किल्लीवरचा हात काढला. दाराकडे पाठ करून, बँडकडे तोंड करून तो ताठ उभा राहिला. घाम डोळ्यांत गेला, तो पुसला नाही.

गीत संपलं. तो वळला. किल्ली फिरवायच्या आधीच दार आतून उघडलं. चेन्सा उभी होती.

“गेला,” ती म्हणाली.

विस्तिन उंबरा ओलांडून आत आला.

“पहिल्यांदा वाजलं तेव्हा विचारलं त्यानं, काय आहे म्हणून. मी म्हटलं, विस्तिन आलाय, गावानं बँड आणलाय. मला वाटलं, चिडेल. हसला रे. म्हणाला, या गाढवाला चोरून यायलाही जमत नाही.” तिनं पदरासारखा एप्रन तोंडाला लावला. “मग दुसऱ्यांदा वाजलं. क्लॅरिनेट ओळखली त्यानं. म्हणाला, आमची पोरं आहेत, मला उठव. मी म्हटलं, पडून राहा, देव काही रागावणार नाही. ऐकेल तर ना! बसवलं मी त्याला, पाठीशी हात देऊन. म्हणाला, गळ्याचं बटण लाव. लावलं. आणि माझ्या हातावरच...”

“मी दारातच होतो, चेन्सा.”

“माहीत आहे. खिडकीतून तुझी पाठ दिसत होती त्याला.”

बाहेर दोन्ही मंडळं एकमेकांकडे बघत, शाबासकीची वाट पाहत उभी होती. कुणीतरी ‘राष्ट्राध्यक्षांचा विजय असो’ म्हणालं. चेन्सानं बाहेर हात घालून किल्ली काढून घेतली आणि दार लोटलं. गल्ली एकदम शांत झाली. आमच्याकडे सगळ्यांना कळतं, भरदिवसा किल्ली आत गेली म्हणजे काय ते.

खोलीत नेनू उशांना टेकून बसलेला होता. ताठ. मान किंचित कललेली, शर्टाचं वरचं बटण घट्ट लावलेलं. मोठी ढोबळ बोटं चादरीवर सरळ ठेवलेली.

विस्तिन पलंगाशी उभा राहिला. किती वेळ, कोण जाणे. शेवटी चेन्सानंच खुर्ची पुढं सरकवली.

“बस आता,” ती म्हणाली. “संपलं ना वाजवून त्यांचं.”

विस्तिननं वाकून भावाच्या गळ्याचं बटण सोडलं. मग तो खुर्चीत बसला.