नॉर्मल म्हणायच्या आधी

प्रसूतिगृहाचं दार किलकिलं झालं आणि ज्ञानेश्वरी सिस्टरनं नुसतं डोकं बाहेर काढलं. "नॉर्मल झाली हो! मुलगी आहे."

डॅनीनं हात जोडून वर पाहिलं. "आजी, पेढे आणतो. कोपरगावातले सगळे पेढे आणतो!"

"थांब जरा," लिडियाबाई म्हणाल्या. "सिस्टर, वार पडली का?"

"पडेल की आजी. बसा तुम्ही निवांत." दार लागलं.

लिडियाबाई बसल्या नाहीत. आत त्यांची नात, डॅनीची बायको ग्रेस होती, आणि मिशनच्या दवाखान्यात बाळंतपणं करण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. तिथं मेट्रनचा दंडकच होता. मूल कितीही रडो, त्याच्यामागून वार पडून रक्त आटोक्यात आल्याशिवाय 'नॉर्मल' हा शब्द दाराबाहेर काढायचा नाही. बाहेरच्या बायकांनाही ते पाठ झालेलं. अकोले तालुक्यातल्या डोंगरातली गोजरबाई सुनांच्या बाळंतपणाला पदरात साखर घेऊन यायची, पण पोराचं रडं कानावर आलं तरी चिमूटभर कुणाला द्यायची नाही. "बाईनं आजून नारमल म्हनलं न्हाई," म्हणायची. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ 'विशेष काही नाही' एवढाच. गोजरबाईच्या लेखी अर्थ एकच, सून जिवंत घरी येणार.

"अहो आजी, नॉर्मल म्हणजे सिझर नाही झालं," डॅनी हसत होता.

"हो. आता तेवढंच म्हणतात."

आत काहीतरी खणकन पडलं. डॉक्टरीणबाई धावतच आत गेल्या. मागोमाग सिस्टर बाहेर आली, तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला होता. "वार अडकलीये. रक्त फार जातंय. ही चिठ्ठी घ्या, रक्तपेढीतून पिशवी आणा. पळा!"

डॅनी पळाला. लिडियाबाई दाराला हात टेकून उभ्या राहिल्या.

आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "ग्रेस, डोळे उघड. ग्रेस! माझ्याकडे बघ."

आत फक्त बाळ टाहो फोडत होतं. लिडियाबाईंच्या ओठांवर प्रार्थना आली, पण पहिल्या ओळीपुढं सरकेचना.

किती वेळ गेला कोण जाणे. दार उघडलं. डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर घाम होता. "निघाली वार. रक्त थांबतंय. या, आजी."

ग्रेस पांढरीफटक पडली होती. लिडियाबाईंनी तिच्या बेंबीखाली हात ठेवला. गर्भपिशवी आवळली होती, कडक, गोल, हवी तशी.

"आजी, किती गार हात गं तुझा," ग्रेस पुटपुटली. "काढ ना."

"नाही काढत."

डॅनी रक्ताची पिशवी घेऊन धापा टाकत दारात आला. "कशी आहे? नॉर्मल?"

"बस इथं," लिडियाबाई म्हणाल्या. "थोडं थांबू अजून."