कपाट म्हणून काढलेली तीन वर्षं

मी फ्रीज आहे, हे आधीच सांगून टाकतो. सांगायची वेळ अशासाठी आली, की ऐन उमेदीची तीन वर्षं मला कपाट म्हणून काढावी लागली.

माझा जन्म कैरोबाहेरच्या एका कारखान्यात झाला. दोन दारं, वर बर्फाचा प्रशस्त कप्पा, रंग चंदेरी. दुकानात लोक माझ्यासमोर थांबायचे, किंमत वाचायचे आणि पलीकडच्या लहान फ्रीजकडे वळायचे. मला त्याचा राग यायचा नाही, उलट बरंच वाटायचं. मग एक दिवस एक बाई आली, तिने किंमत वाचली आणि ती वळली नाही. पैसे रोख देताना मात्र सारखी दाराकडे बघत होती. मला वाटलं, ही चोर असणार. ती नर्स निघाली.

तिचं नाव तहानी. तांता शहरातल्या सरकारी रुग्णालयात ती डायलिसिसच्या विभागात होती. त्याआधी पाच वर्षं लिबियाच्या सरहद्दीवर, सल्लूमला काढून आली होती. दूरच्या गावी जाणाऱ्या नर्सला भत्ता मिळतो, डायलिसिसच्या यंत्रांवर काम करणारीला वेगळा मिळतो, आणि नोकरी जुनी होईल तसा पगारही चढत जातो. तहानीच्या पदरात हे तिन्ही पडलं होतं, आणि त्यातून साठलेल्या पैशांतून मी आलो होतो. पण ही गोष्ट कोणापुढे बोलायची सोय नव्हती, कारण घरात सासू होती.

सासू म्हणजे नफीसा, हजला जाऊन आलेली म्हणून हाज्जा. जगात जेवढी माणसं आजाराने मरतात त्याच्या दुप्पट शेजाऱ्यांच्या नजरेने मरतात, असा तिचा ठाम विश्वास. तिच्या माहेरी म्हणे एका बाईने नवं शिवणयंत्र दारात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तिची म्हैस मेली. शिवणयंत्राचा आणि म्हशीचा संबंध काय, असं एकदा मुअव्वदने विचारलं. मुअव्वद म्हणजे तहानीचा नवरा, पोस्टातला कारकून. त्याला उत्तर तर मिळालं नाहीच, त्या दिवशी जेवणही गार मिळालं.

मला घरात आणलं ते शुक्रवारी, पुरुषमंडळी नमाजाला गेली आणि गल्ली रिकामी झाली तेव्हा, गालिच्यात गुंडाळून. हाज्जाच्या खोलीत कोपऱ्यात उभं केलं. वरून जमिनीपर्यंत लोळणारी फुलाफुलांची चादर घातली, डोक्यावर एक सुटकेस आणि प्लास्टिकचे गुलाब ठेवले. कोणी विचारलंच तर मी लग्नातल्या कपड्यांचं कपाट. आता घरात खोल्या दोनच, त्यामुळे पाहुणेही ह्याच खोलीत बसायचे. माझी घरघर ऐकू जाऊ नये म्हणून हाज्जा बारा महिने पंखा लावून ठेवायची. जानेवारीत पाहुण्यांचे दात वाजायचे आणि ती म्हणायची, "काय करू बाई, मला फार उकडतं."

फ्रीजच्या जन्माला येऊन काय हवं असतं हो? चार लोकांसमोर कोणी ऐटीत दार उघडावं, आतला दिवा लागावा, आणि पाहुण्याने थंडगार कलिंगडाकडे पाहून 'वा' म्हणावं. माझं दार उघडायचं ते खिडक्यांचे पडदे ओढल्यावर. आत ईदची बदकं, भात भरलेल्या कोबीच्या पानांच्या गुंडाळ्या, हाज्जाचं इन्सुलिन, आणि तिच्या हातच्या खारवलेल्या जुन्या चीजचं मडकं. त्या मडक्याच्या वासाबद्दल मी काही बोलत नाही. खाल्ल्या मिठाला जागायला हवं.

पगाराचीही तीच गत होती. इथे कोणी पगार विचारला तर खरा आकडा सांगत नाहीत. 'अल्लाची कृपा, भागतंय' म्हणायचं, आणि फार खोदून विचारलं तर निम्मा सांगायचा. मूठ झाकायचीच, आणि वर ती रिकामी आहे अशी ओरडही करायची. तहानीच्या नर्सिंग शाळेतली मैत्रीण इन्शिराह लसीकरणाच्या दवाखान्यात होती. सकाळी जायचं, दुपारी घरी, रात्रपाळी नाही आणि भत्ताही नाही. तहानीच्या निम्मं जेमतेम मिळायचं तिला. पण दोघीही आपापला आकडा दाबून सांगायच्या, त्यामुळे इतकी वर्षं दोघींना वाटायचं, आपलं सारखंच आहे.

तहानीची चूक एकच झाली. तिने सल्लूमहून आल्यावर 'साडेचार हजार पौंड' असा आकडा ठरवला, आणि तो वाढवायला ती विसरली. महागाई वाढली, सरकारने सगळ्यांचे पगार वाढवले, कालच्या पोरींना पहिल्या महिन्यात पाच हजार मिळू लागले. तहानी आपली साडेचारवरच.

ह्या कालच्या पोरींतली एक रिहाब. तहानीच्याच हाताखाली शिकली. सुई अशी टोचायची की म्हातारे रुग्ण दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत, रिहाबची पाळी केव्हा आहे विचारून यायचे. तहानीचा तिच्यावर फार जीव. मुअव्वदला ती म्हणायची, मी निवृत्त झाले तर ह्या विभागाला ही एकच मुलगी सांभाळेल.

उन्हाळ्याच्या तोंडाशी रिहाब साखरेचे चणे घेऊन घरी आली आणि नेमकी माझ्याशेजारी बसली. सल्लूमला डायलिसिसची जागा रिकामी होती. जाऊ का, असं ती विचारत होती. दुसरीकडे कैरोत एका मोबाइलच्या दुकानात काउंटरवर सहा हजारांची नोकरी तयार होती. घरचे म्हणत होते, नर्सचं काम सोड.

"मला पाच मिळतात, मिस तहानी," ती चाचरत म्हणाली. लग्न झालेल्या नर्सलाही इथे मिसच म्हणतात. "आणि तुम्हाला इतक्या वर्षांनी साडेचार. म्हणजे ह्या कामात अनुभव आला की पगार उतरतो का?"

तहानीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात पलंगावरून हाज्जा खोकली. तो खोकला छातीतला नव्हता, हे मला, तहानीला आणि पंख्यालाही कळलं.

"सल्लूममध्ये काय असतं, पोरी," तहानी खाली बघत म्हणाली. "वाळू असते. ती हवी तेवढी मिळते."

रिहाब चहा पिऊन गेली. तहानी बराच वेळ चण्यांची पुडी हातात घेऊन बसली होती. मला तिचा राग आला, आणि तिची दयाही आली. एवढी शूर बाई, बंद पडत चाललेल्या माणसांना यंत्राला जोडून परत घरी पाठवणारी, ती एका खोकल्याला भ्यायली होती.

पुढे काय झालं ते सांगायचं तर आधी स्वयंपाकघरातल्या म्हाताऱ्याबद्दल सांगायला हवं. तिथे एक जुना फ्रीज होता, दार दोरीने बांधलेला. जगाला दाखवायचा तो हा. जूनमध्ये त्याने प्राण सोडला. ही बातमी अख्ख्या विभागात पसरली. हाज्जाचं इन्सुलिन कुठे ठेवता, असं रिहाबने काळजीने विचारलं, आणि तहानी गडबडून म्हणाली, शेजारणीकडे. दुसऱ्या मजल्यावर. नवा घ्यायचा तर पैसे कुठे आहेत.

एका दुपारी दारावर थाप पडली. बाहेर इन्शिराह, रिहाब, आणि पाठीवर काहीतरी बांधलेला एक हमाल. त्याच्या पाठीवर एक फ्रीज होता! बुटका, पांढरा, एका दाराचा, कोणाकडून तरी वापरलेला घेतलेला, पण पुसून लख्ख केलेला. सगळ्या नर्सनी वर्गणी काढून तो तहानीसाठी आणला होता.

हाज्जाच्या तोंडचं पाणी पळालं. तहानी दारातच खांबासारखी उभी. हमालाने त्या बुटक्याला ह्याच खोलीत, माझ्या समोर आणून ठेवलं. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. म्हणजे त्याने चादरीकडे पाहिलं.

"प्लग कुठे आहे गं?" इन्शिराहने विचारलं आणि ती वायर शोधत माझ्या मागे वाकली.

"तिकडे जाऊ नकोस," हाज्जा म्हणाली. "उंदीर आहे."

"मी लहान मुलांना सुया टोचते, हाज्जा. मला उंदराची काय भीती?" आणि तिने चादरीची कड धरली.

नेमकी तेव्हाच माझी मोटर सुरू झाली. मी खूप आवरलं हो. पण बाहेर ऊन रणरणतंय, पोटात तीन बदकं आहेत, किती आवरणार? डोक्यावरचे प्लास्टिकचे गुलाब थरथरू लागले. हाज्जाने पंखा मोठा केला.

तहानीने घाईघाईने विषय बदलला. कशाला एवढा खर्च केलात, कोणी कोणी दिले, असं ती विचारू लागली. इन्शिराह चादरीची कड सोडून उभी राहिली. "सगळ्यांनी थोडे थोडे दिले. निम्मे एकट्या रिहाबचे. भिशी लागली होती तिची ह्या महिन्यात."

"ती तर तू सल्लूमला जायच्या खर्चासाठी ठेवली होतीस," तहानी म्हणाली.

रिहाब हसली. "आता कुठे जायचंय मला. रविवारी राजीनामा देतेय. दुकानात उभं राहायला काय खर्च येतो? तुम्ही मला हात धरून शिकवलंत, मिस तहानी. जाताना तुमच्या घरी एवढं तरी असावं."

हाज्जा खोकली. पुन्हा खोकली. तहानीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्याजवळ आली, सुटकेस खाली ठेवली, गुलाब खाली ठेवले आणि चादर ओढून काढली.

तीन वर्षांनी मला उजेड दिसला. रिहाब पुढे आली आणि तिने माझं दार उघडलं. दिवा लागला. बदकं, गुंडाळ्या, इन्सुलिन, मडकं, सगळं तिने नीट पाहिलं. आपल्याला लोक पाहतील त्या दिवसाची मी किती वाट पाहिली होती! पण तिचा चेहरा पाहून मलाच आत लपावंसं वाटलं.

"मी तुम्हाला सरळ विचारलं होतं," ती म्हणाली. "एवढा चांगला माणूस साडेचारवर जगतो म्हणून मी हे काम सोडायला निघाले होते."

"अकरा हजार," तहानी म्हणाली. "संध्याकाळी खासगी केंद्रात जाते त्याचे वेगळे. सल्लूमला असताना तर इथल्याच्या दीडपट पडायचे. वाळू होती, ते खरं. पण भत्ताही होता. मला वाटायचं, तोंडाने बोलले की सगळं जाईल. आणि बघ, न बोलल्याने तू चालली होतीस."

"अकरा!" इन्शिराह मटकन पलंगावर बसली. "बये, तीन वर्षं मी ह्या कपाटाला टेकून बसतेय, आणि तुझ्यासमोर गरिबीचं रडगाणं गातेय." मग ती हळूच म्हणाली, "माझ्याकडे एसी आहे. पडद्यामागे."

रिहाबला हसू आवरेना. डोळे पुसत हसत होती. मग इन्शिराहने स्वतःचा खरा पगार सांगितला, सहा हजारांच्या आतला, आणि दोघी मैत्रिणींनी प्रथमच हिशेब लावला, एकाच बाकावर शिकून एकीला इतकं आणि दुसरीला तितकं का. इन्शिराहला वाईट वाटलं. ते तिने लपवलं नाही, पण दुपारी घरी जाऊन जेवायचं सुख मला सोडवणार नाही, असंही म्हणाली.

एवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, मी थांबलो, आतला दिवा विझला.

"लागली!" हाज्जा कपाळावर हात मारून म्हणाली. "सांगत होते मी. लागली नजर."

मी खरंच बंद पडलो असतो तर ह्या बायकांनी जन्मात पुन्हा खरं सांगितलं नसतं. तेवढ्यात खालून वाण्याचा आवाज आला, की चौकापर्यंत कुठेच वीज नाही, आज पुन्हा कापली. इन्शिराह म्हणाली, "हाज्जा, माझी नजर कडक आहे हे मान्य. पण अख्ख्या गल्लीची वीज घालवण्याएवढी नाही." वीज परत आली तेव्हा मी अशा जोमाने सुरू झालो की हाज्जाच दचकली.

रिहाब सल्लूमला गेली. तो बुटका पांढराही तिच्याबरोबर गेला. वर्गणी तहानीने सगळ्यांना परत केली, म्हणजे तिनेच तो रिहाबला घेऊन दिला असं झालं.

आता मी उघडा आहे. नजर लागू नये म्हणून हाज्जाने माझ्या दारावर एक निळा मणी चिकटवलाय, पण पंखा फक्त उन्हाळ्यात लागतो. पाहुणे आले की मुअव्वद उगाच पाणी आणायला उठतो आणि दार उघडं ठेवून उभा राहतो. मीही आता तरुण नाही, खालचं रबर सैल झालंय. एक दिवस मीही स्वयंपाकघरातल्या म्हाताऱ्यासारखा जाईन. तेव्हा माझी किंमत कोणाला सांगायची असेल तर खरी सांगा, एवढंच मागणं आहे.

परवा रिहाबचा फोन आला. तहानी माझ्याजवळ उभी राहून बोलत होती. तिकडची हवा, रुग्ण, वाळू, सगळं झालं. मग तिने विचारलं, पहिला पूर्ण पगार झाला का, किती आला. शांत खोलीत पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"अल्लाची कृपा आहे, मिस तहानी. काय असणार? भागतंय कसंबसं."

तहानीने फोन कानापासून दूर धरला, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा कानाला लावला.

"पोरी," ती म्हणाली, "आधी चादर काढ."