हुर्र्याचा शर्ट

गावाबाहेरच्या त्या चिमुकल्या विमानतळावर दिवसातून एकदाच विमान यायचं, आणि ते उतरायच्या आधी धावपट्टीवरची पाखरं हाकलायचं काम होतं हुर्र्याचं. त्याचं खरं नाव बायकोलाही जरा आठवून सांगावं लागे. अंगात नोकरीचा नारिंगी शर्ट, एका हातात पत्र्याचा डबा, दुसऱ्यात काठी आणि तोंडाने "हुर्रऽऽ!" हे त्याने वर्षानुवर्षं इतकं इमानाने केलं, की पाखरांनी धावपट्टीचं नावच टाकलं.

इथेच तर घोडं पेंड खातं! नवे मॅनेजर आले. त्यांनी खिडकीतून आठवडाभर पाहिलं आणि हुर्र्याला बोलावलं.

"एक चिमणी दिसत नाही. मग तुम्ही हाकलता काय, वारा? महिनाअखेर नोकरी बंद. क्वार्टरही रिकामं करा."

नोकरी गेली तर दुसरं काही बघता आलं असतं, पण क्वार्टर? बायकोने तिथे परसात भाजी लावली होती, भिंती स्वतःच्या हाताने रंगवल्या होत्या. डोक्यावरचं छप्परच जायचं.

उपाय एकच, पाखरं आणायची. विमान उडून गेलं की तो दाणे पसरायला लागला. पाखरं कुंपणाच्या तारेवरून टकामका बघत बसली, पण एकही खाली उतरेना. "या गं बायांनो, या," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. सगळी उडून गेली.

कुंपणापाशी बायको पोट धरधरून हसत होती. "अहो, जन्मभर काठी दाखवायची आणि आता जेवायला बोलवायचं! व्हा बाजूला." तिने लाल बादलीतून मूठभर दाणे टाकले मात्र, कबुतरं काय, चिमण्या काय, साळुंक्या काय, नुसती झुंबड!

दुसऱ्या दिवशी हुर्र्याने मॅनेजरांना मुद्दाम बाहेर आणलं. धावपट्टी बायकोच्या दाण्यांवर आलेल्या पाखरांनी भरली होती. त्याने छाती फुगवून दोन पावलं टाकली. अजून "हु" सुद्धा म्हटलं नव्हतं, तोच सगळी भुर्र!

"वा!" मॅनेजर म्हणाले. हुर्र्या खूश. "म्हणजे ती तुम्हाला नाही, या शर्टाला भितात. शर्ट इथे ठेवा आणि तुम्ही निघा. क्वार्टर तेवढं महिनाअखेरपर्यंत वापरा."

करायला गेला एक आणि झालं भलतंच. त्याच संध्याकाळी शर्टात गवत कोंबून धावपट्टीच्या कडेला बुजगावणं उभं राहिलं. पाखरं खरंच फिरकेनात.

"अगं, गवताने माझी नोकरी खाल्ली!" हुर्र्या नुसत्या बनियनवर बसून कण्हत म्हणाला.

त्या दिवसापासून रोज विमान गेलं की बायको कुंपणाच्या फटीतून आत शिरायची, बुजगावण्याच्या पायाशी दाणे ओतायची आणि साळसूदपणे घरी यायची. पाखरांनी आधी लांबून पाहिलं, मग जवळून. एक आगाऊ साळुंकी त्याच्या खांद्यावर जाऊन बसली, आणि मग कसली भीती नि कसलं काय! नारिंगी शर्ट म्हणजे जेवण, हे सगळ्या थव्याला पाठ झालं.

एके सकाळी विमान आलं आणि वरच घिरट्या घालू लागलं. खाली बुजगावण्याच्या डोक्यावर, हातांवर, अख्ख्या धावपट्टीवर पाखरंच पाखरं. मॅनेजर क्वार्टरकडे धावत सुटले. "अहो, चला! आधी चला!"

हुर्र्याने बुजगावण्याच्या अंगावरून शर्ट ओढून स्वतःच्या अंगात घातला आणि गरजला, "हुर्रऽऽ!"

पाखरांनी माना वळवल्या. शर्ट आला! आणि चालत आला! सगळा थवा त्याच्याकडेच झेपावला.

"अगं आई गं!" हुर्र्याने डबा टाकून धूम ठोकली. पुढे तो, मागे पाखरं, फाटक ओलांडून थेट परसातल्या भाजीत. इकडे धावपट्टी लख्ख मोकळी झाली आणि विमान अलगद उतरलं.

मॅनेजर घाम पुसत आले. "आजचं निभावलं. पण उद्या पुन्हा बुजगावणं..."

"त्याला पाय नाहीत, साहेब," बायको म्हणाली. "यांना आहेत."

नोकरी राहिली, क्वार्टरही राहिलं. आता रोज विमानाची वेळ झाली की हुर्र्या धावपट्टीवरून घरापर्यंत जीव खाऊन पळतो आणि बायको परसात लाल बादली घेऊन उभी असते.

"पूर्वी बरं होतं गं," तो धापा टाकत म्हणतो. "तेव्हा पाखरं मला भ्यायची. आता जरा उशीर झाला, तर बोलवायला घरी येतात."