गच्चीवरची हिंदिया

अंगठा लाल झाला तेव्हाच मला कळलं होतं, पण मी लार्बीला म्हटलं, "काटा लागला असेल." लार्बी माझा नवरा. त्याला खोटं सांगणं फार सोपं, कारण त्याचा अर्धा दिवस चष्मा शोधण्यात जातो.

काटाबिटा काही नव्हता. गच्चीवरच्या कुंडीतल्या निवडुंगाच्या फड्यावर कापसाचे पुंजके चिकटल्यासारखं दिसलं, मी एक चिरडला, आणि आतून लालभडक निघालं. आम्ही मोरोक्कोतल्या रहामना भागातली माणसं, हा रंग आम्हाला कोणी दाखवावा लागत नाही. आठ वर्षांपूर्वी याच किरमिजी किड्यानं आमच्या गावची टेकडी दोन उन्हाळ्यांत खाऊन टाकली. निवडुंगाची कुंपणं आधी पांढरी झाली, मग काळी पडून बसली. उरलंसुरलं सरकारी माणसांनी उपटून पुरलं.

या निवडुंगाला आमच्याकडे हिंदिया म्हणतात, म्हणजे हिंदुस्तानातली. खरं तर ती तिथलीही नाही म्हणे, पण नाव पडलं ते पडलं. कुंडीतली ही हिंदिया यम्माची, म्हणजे माझ्या आईची. टेकडी जायच्या आधीच तिनं एक चांगला फडा तोडून अंगणात लावला होता. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे कॅसाब्लांकाला यायला तयार होईना. छातीचं दुखणं, जवळ दवाखाना नाही, शेजाराला दोन म्हातारे नि एक गाढव. सहा महिने मी तिच्यापुढे डोकं फोडलं. शेवटी म्हणाली, "हिला घेऊन येते. ही जगेल तोवर राहीन. ही मेली की मला गावच्या बसमध्ये बसवून द्यायचं, भांडायचं नाही." मी लगेच हो म्हटलं. निवडुंग कधी मरतो का, असं वाटलं मला. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

रोपवाल्याला विचारलं तर म्हणाला, साधा पिठ्या ढेकूण आहे, जाईल. माझा जीव राहीना. खालच्या मजल्यावर सी बूशैब, म्हणजे बूशैबराव, राहतात, शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. ते भिंग घेऊन वर आले.

"पिठ्या ढेकूण? त्या माणसाला म्हणावं, तू आपला गुलाब विक." त्यांनी एकेक फडा निरखला. "नवीन झाड आणलंस का कुठून?"

"नाही."

"मग हिला हात कोण लावतं?"

"मीच. रोज झाडते."

"झाडतेस? कशानं?"

मी कोपऱ्यातली केरसुणी दाखवली. हिंदियाला हात लावायच्या आधी तिची कुसं केरसुणीनं झाडायची, ही आमच्याकडची रीत. शहरातल्या बाया हसतात, पण पीठ मळायला शिकायच्या आधी आम्ही हे शिकलेल्या. जूनमध्ये गावी गेले होते, तेव्हा बांधावर एका मेलेल्या खोडाला दोन कोवळे फडे फुटलेले दिसले. मला इतका आनंद झाला की मी तेही छान झाडून घेतले, आणि तीच केरसुणी पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी घरी आणली. यम्माला त्या फड्यांचं सांगितलं तेव्हा तिनं माझा हात धरून ठेवला होता.

सी बूशैबांनी केरसुणी पांढऱ्या फडक्यावर झटकली. त्यावर भिंग धरलं. मग फडक्यावर सरकणारे बारीक लाल ठिपके मला दाखवले आणि फडकं गुंडाळलं. मला त्या वेळी कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. काळा साबण, कोमट पाणी, दात घासायचा ब्रश. प्रत्येक फडा दोन्ही बाजूंनी, खाचाखाचांतून. धुतलं की स्वच्छ दिसायचं, चौथ्या दिवशी पुन्हा पांढरं. यम्माला सांगितलं की गच्चीला डांबर लावतायत, जिना चढू नकोस. खालचे फडे पिवळे पडले. सुरी लावली तर आत नुसता लगदा. एकेक कापत गेले, शेवटी शेंड्याचा एक उरला. सोमवारी त्यावरही कापूस दिसला.

"आता ठेवू नकोस पोरी," सी बूशैब म्हणाले. "वाऱ्यानं दुसऱ्यांच्या गच्चीवर जाईल. पिशवीत बांध आणि जाळून टाक."

"एवढा एक तरी?"

"जन्मभर मी लोकांना हेच सांगत आलो, झोहरा. मला काय हौस आहे?"

मी पिशवीला गाठ मारत होते तेव्हा यम्मा जिन्यात उभी होती. भिंतीला धरून, धापा टाकत. तिनं कुंडी पाहिली, माझी बोटं पाहिली.

"केव्हापासून?"

मी सगळं सांगितलं. केरसुणीचंसुद्धा. वाटलं, आता पट्टा सुटेल तिचा, दोन दिवस बोलेल. ती कुंडीच्या काठावर बसली आणि माती बोटांनी सारखी करत राहिली.

"यम्मा, मी तुला जाऊ देणार नाही," मी म्हटलं. "शब्द दिला होता, माहीत आहे. तरी भांडणार मी. बस-बिस काही नाही."

"कुठली बस?"

"तूच म्हणाली होतीस ना, ही मेली की..."

"बांधावरच्या त्या दोन फड्यांवरूनच आलं ना हे? मग ते तरी कुठले राहिले असतील." तिनं हात झटकले. "तिथं जाऊन मी बघू कुणाकडे? चल, मला खाली ने."

मी तिला खाली आणलं.

त्याला चार महिने झाले. ती माझ्याकडेच आहे. गोळ्या वेळेवर घेते, वाढू ते जेवते, डॉक्टर म्हणतात छाती बरी आहे. मला हवं होतं ते हेच, याच्यासाठीच मी सहा महिने भांडले होते. परवा मीच न राहवून म्हटलं, "यम्मा, चल, चार दिवस गावी जाऊन येऊ."

"कशाला?" ती म्हणाली.

गोळ्यांची वेळ झाली होती, तिनं हात पुढे केला.